हो आजी, आधी चहा

३ जून
लागली एकदाची नोकरी! पन्नाशीला टेकलेल्या बाईला कोण विचारतंय, असं नणंदबाई म्हणाल्या होत्या. वृद्धाश्रमाने विचारलं. इथे मी चक्क तरुण आहे.
इथल्या प्रमुखांना सगळे ताई म्हणतात. फार गोड बोलतात. पहिला धडा त्यांनीच दिला: आजी-आजोबांचं म्हणणं कधी खोडायचं नाही, हो म्हणायचं आणि चहा पुढे करायचा. खिडकीजवळच्या आजी दिवसभर एकच सांगतात, मी इथे कामाला आलेय गं, पाठीचा पट्टा तेवढा सोड. पट्टा-बिट्टा काही नाही. मी म्हटलं, हो आजी, तुमची ड्युटी उद्या, आधी चहा. ताई खूश.

४ जून
आज म्हातारपणाचा सूट घातला. मनगटांना, पायांना वाळूच्या पिशव्या, पिवळट चष्मा, कानांत बोळे आणि पाठीला वाकवणारा जाड पट्टा. म्हाताऱ्यांचे हाल कळावेत म्हणून. कळले! सासूबाई जिन्यात थांबायच्या त्या दम घ्यायला. मला वाटायचं, आमचं बोलणं ऐकायला. सूट अंगावर असेपर्यंत सगळ्यांनी मला आजीच म्हणायचं, असा नियम.
संध्याकाळी उतरवला. पाठ मात्र अजून आवळल्यासारखी. ताई म्हणाल्या, होतं असं.

५ जून
पट्टा हाताला लागत नाही, पण आहे. चष्मा काढलाय, तरी भिंती पिवळ्याच. आरसा शोधला. इथे आरसे ठेवत नाहीत म्हणे, म्हातारी माणसं घाबरतात.
चहावाल्याने आजी म्हटलं. झापला त्याला. तो हसून हो म्हणाला आणि कप पुढे केला.

७ जून
लेक भेटायला आली. मलाच विचारलं, आजी, माझी आई इथे कामाला आहे, पाहिलीत का? मी म्हणाले, चिमे, मीच तुझी आई. चिमी तिचं घरचं नाव. ती दचकली. मागून ताईंनी खूण केली — खोडायचं नाही. मग लेक हो म्हणाली. मला.

९ जून
खिडकीजवळच्या आजी गेल्या. त्या खाटेवर आता माझी उशी —

१२ जून
चिमी इथे कामाला लागली. आई न सांगता निघून गेली, यावर तिचा विश्वास नाही. शहाणी माझी पोर. तिला सांगितलं, सूट घालू नकोस, पळ —
म्हणाली, हो आजी, आधी चहा.

१३ जून
पेन जड. दार उघडं — चिमी हसतेय — ताई तिच्या मागे उभ्या, हातात पट्टा — ओरडतेय मी, सगळे हो हो म्हणतायत — चिमे, बांधू देऊ न