कपिलाची ओटी

ता. ६ ऑगस्ट
कपिला गाय परत माजावर. ही तिसरी खेप. डॉक्टर येऊन भरवून गेले. हे म्हणाले, "आता उलटली, गाभण नाही राह्यली, तं इकून टाकतो. सरकीची ढेप काय फुकट येते?" मी देवापुढं साखर ठेवली. रोज तुपाची वात परवडत नाही, त्यालाही ठाऊक आहे.

ता. २५ ऑगस्ट
वैशू अकोल्याहून आली. लेक गुरांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिकते. गाय गाभण राहताना सुरुवातीला गर्भपिशवीत काय होतं, तोच तिचा अभ्यास. कपिलाचं रक्त काढलं.
मी म्हटलं, "पिशवीतलं रक्तात कसं दिसन?"
म्हणे, गर्भ आता नुसता दोऱ्यासारखा. पण तो निरोप धाडतो, मी आलो. मग पिशवीतले निजलेले जीन्स जागे होतात. त्याची चाहूल रक्तातही लागते. जीन्स म्हणजे पेशीतल्या सूचना, सगळ्या नेहमी चालू नसतात.
समजलं. जावई येते म्हटलं की माळ्यावरच्या ताटल्या खाली उतरतात, तसं.
"आन् निरोप नाही पोचला तं?"
"तं गाय पुन्हा माजावर, आई. आन् बाबा बाजारात." हसली मेली.

ता. ३१ ऑगस्ट
वैशूचा फोन. चाहूल लागली! लगेच बजावलं, "नाचू नको. सुरुवातीचे गर्भ गळतातही. दोन महिन्यांनी डॉक्टर हात घालून पाहतील, तेच खरं." तोवर कोणाला सांगायचं नाही. नाही सांगितलं. शेजारच्या कुसुमबाईला तेवढं.

ता. १ सप्टेंबर
महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्या, आंबील, सगळं निभलं. ओटीचा एक हिरवा खण उरला. मनात आलं, घरात एक पोटुशी आहे, तिची भरावी. कुंकू लावलं, तांदूळ, खोबरं, खण पुढ्यात. हात जोडून डोळे मिटले. उघडले तर खण अर्धा तोंडात! मी ओढते, ती ओढते. तीच जिंकली.
हे ओसरीवरून, "अवो, बाया खण शिवतेत, ही तं जेवली!"
वैशू फोनवर आधी रागावली, "कापड पोटात अडकते, आई! रवंथ करते का पाह्य." मग तिलाच हसू आवरेना.
संध्याकाळी रवंथ सुरू. जीव भांड्यात.

ता. १९ सप्टेंबर
माजाची दुसरी पाळीही टळली. कपिला शांत. गुरांचा व्यापारी आला होता, ह्यांनी चहा पाजून वाटेला लावला. "दिवाळीनंतर पाहू." मग मला म्हणतात, "ढेपीचं एक पोतं अजून सांगू काय?"
म्हटलं, "काहून? फुकट येते काय?"

ता. ४ ऑक्टोबर
उद्या डॉक्टर पाहणार. वैशू दुपारीच आली. "नसली तरी रडायचं नाही, आई."
नाही रडत. ह्यांनी न सांगता गोठा झाडला. मी नवा खण आणून ठेवला, हिरवाच. पेटीत, कुलूप लावून. कपिलाचा काय भरवसा.