दहा वर्षं टिकणारा विंच

सोमवार, ८ जुलै
आजपासून शिस्त. विंचची, म्हणजे अडकलेली गाडी तारेनं ओढून काढणाऱ्या मोटारची, लाँग-टर्म टेस्ट सुरू. सोनाळ्यात जीपला विंच लावणारा पहिला माणूस मीच, म्हणजे जबाबदारी आली. महिनाभर रोज टेस्ट, मगच शिफारस.
दुपारी जाकीर आला. डोंगरातल्या पाड्यांवरून पेशंट आणतो, म्हणून त्यालाही विंच हवाय. म्हणाला, "देवा, टिकन काय बे हा?" दहा वर्षं बघायला नको, म्हटलं. अजून ओढून पाहिलेलं नाही, पण मोटारच्या आवाजावरून मला कळतं.

शुक्रवार, १२ जुलै
जाकीरनं हाच विंच बसवला. माझ्या शब्दावर. बरं वाटलं.
रोजची टेस्ट सोमवारपासून. पाऊस.

रविवार, २१ जुलै
पहिली टेस्ट. तार झाडाला बांधून जीप चढावर ओढली. झकास. विंचची मोटार बंद केली, तर जीप हळूहळू मागे. विंचचा ब्रेक धरत नाही. परत केलं, परत तेच. बायको, सारिका, आत बसली होती, तिनं उडीच मारली. म्हणाली, "जाकीरभाऊले आत्ताच फोन करा."
एवढ्यावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय. चिखलही होता.

बुधवार, २४ जुलै
फोन केला नाही. उगाच त्याला टेन्शन. व्यवस्थित रिपोर्टच देईन. सारिका सारखी विचारते, "काऊन नाई केला?" बायकांना घाई फार.

शनिवार, ३ ऑगस्ट, सकाळ
जाकीरच्या बायकोचा, राबियाचा, फोन. पाड्यावरच्या चांगुणाला कळा सुरू झाल्या, तिला आणताना जीप नाल्यात अडकली. पाणी वाढतंय. निघतो. सारिकाही येते म्हणते. विंच आहे त्याच्याकडे, काळजी नाही. चपला उलटसुलट घातल्या. चहा झाला नाही म्हणून.

तोच दिवस, संध्याकाळ
पाणी जीपच्या दारापर्यंत. मागच्या सीटवर चांगुणा विव्हळत होती. तार काठावरच्या झाडाला, जाकीर स्टिअरिंगवर, हातात विंचचा रिमोट. जीप कण्हत चढावर आली. तो ओरडला, "मोटार गरम झाली, जराक थांबतो!"
माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबू नको! ब्रेक धरत नाही!"
सारिकानं सगळ्यांच्या आधी धोंडा उचलला आणि मागच्या चाकाकडे धावली. मग पाड्यावरची माणसंही धावली. तेवढ्यात मोटारमधून धूर आला. बंद. जीपचे भिजलेले ब्रेक लागेनात, ती मागे सरकली, धोंड्यांवर आदळली, थांबली. चांगुणाला चादरीत घालून वर आणलं.
मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.
जाकीर भिजलेला उभा होता. म्हणाला, "तुले माईत होतं?"
पाण्याच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट
शांतपणे पाहिलं तर माझ्या वेळेवरच्या सूचनेमुळे जीप वाचली. रिपोर्टमध्ये हे येईल, पण नम्रपणे. जाकीर फोन उचलत नाही. रेंज नसेल.

रविवार, ११ ऑगस्ट
रिपोर्ट वाचून दाखवायला जाकीरकडे गेलो. जीप अंगणातच होती. राबिया दारातूनच म्हणाली, "घरी नाईत." आतून त्याचा खोकला ऐकू आला.

सोमवार, १२ ऑगस्ट
सकाळी दार उघडलं. उंबऱ्याशी जाकीरचा विंच ठेवलेला. सगळी तार नीट गुंडाळून. हाकही मारली नाही त्यानं.
आत घ्यायला गेलो. एकट्याला उचलेना. सारिकाला हाक मारली. ती आली, विंच ओलांडला, आणि बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू घेऊन चांगुणाकडे निघून गेली.