कानस थांबेपर्यंत

३ मार्च

चाळीस जोड! चाळीस जोड कानातले, सगळे सारखे, घुमटासारखे फुगीर आणि आरशासारखे गुळगुळीत. दुकानवाल्या बाईंनी फोनवर असं सांगितलं, जणू चाळीस बटणंच लावायची आहेत. तेरा झाले. करवतीची चार पाती मोडली, अंगठा भाजला. तेराव्या जोडाला मी चक्क शिवी दिली — बिचाऱ्याचा काय दोष!

मागे आत्याची कानस चालूच. खर्र, खर्र. ती खिडकीला बाजू करून बसते, हातावर उजेड पडावा म्हणून. माझी पाठ तिच्याकडे. तिनेच मला अकराव्या वर्षी या बाकावर बसवलं आणि पहिल्याच दिवशी नियम सांगितला: शिकवणाऱ्याची कानस चालू आहे तोवर शिकणाऱ्याने उठायचं नाही. आज मी एक्केचाळीस वर्षांची आहे. अजून उठत नाही. कुणाला सांगितलं तर हसतील.

ती दोन वर्षं स्वतःसाठी एक साखळी करते आहे. बघू दे म्हटलं की, "पुरी झाल्याशिवाय नाही!" एव्हाना ती साखळी घराला तीन वेढे घालून उरली असती.

७ मार्च

झालेल्या जोडांचे फोटो काढले. पांढरा कागद, त्यावर कानातले, बाकावरच. कॅमेरा घेतला होता तो माल दाखवायला, आणि आता माल करते ती फोटो काढायला मिळावेत म्हणून! ही गोष्ट इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

चकचकीत चांदीत सगळं दिसतं. प्रत्येक घुमटात माझं नाक, बटाट्याएवढं. मग कागदाचा तंबू केला, त्याला भोक पाडलं, भोकातून कॅमेरा. नाक गेलं. दोन तास कसे गेले कळलं नाही, आणि पाठ अजिबात दुखली नाही.

१० मार्च

पलीकडच्या गल्लीतले कुंभार आले होते. त्यांनी माझे फोटो पाहिले म्हणे. "आमच्या भांड्यांचे काढाल का? वर्षभर नवं काम निघत असतं. माझा मित्र सुतार आहे, त्यालाही हवेत." मी लगेच हो म्हणणार होते. मागे खर्र, खर्र. म्हटलं, महिनाअखेर सांगते.

मी उठले तर आत्या काय करणार? तिला मूल नाही, दुसरा छंद नाही. हे बाक आणि मी. आयुष्यभराचं शिकवणं पाण्यात गेलं असं वाटेल तिला.

११ मार्च

आज सांगणार होते. नाही सांगितलं.

१३ मार्च

आजही नाही. तिने चहा केला, वर विचारलं, "तोंड का पाडलंयस?" म्हटलं, अंगठा दुखतोय.

१७ मार्च

चाळिसावा जोड झाला! घाईघाईने उरलेल्यांचे फोटो काढून बाईंना पाठवलेसुद्धा. मग कुंभारांकडे गेले, सहज म्हणून. एका ओबडधोबड माठाचे तीस फोटो काढले. त्याच्या गळ्याशी कुंभारांच्या बोटांचे ठसे तसेच राहिले आहेत. तिरका उजेड पडला आणि ते असे उठून दिसले की मी मोठ्याने "अरे वा!" म्हटलं. स्वतःच्या दागिन्याला शेवटचं कधी म्हटलं होतं? आठवत नाही.

१८ मार्च

सांगितलं. एकदाचं सांगितलं!

"आत्या, मी दागिने करायचं सोडते आहे. फोटोच काढणार."

तिने कप खाली ठेवला. "बरं," म्हणाली. एवढंच. आणि जाऊन बाकावर बसली. खर्र, खर्र.

मग मी काय करावं? मीही जाऊन बसले! हातात काम नाही, पुढ्यात चांदी नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत पक्कड पुसत बसले. बोलून टाकलं म्हणून जीव हलका झाला खरा, पण ते "बरं" काही घशाखाली उतरत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

१९ मार्च

दुकानवाल्या बाईंचा फोन. "फोटो सुरेख आलेत हो, पण शेवटच्या काहींत तुम्ही दिसताय. आणि मागे कोणीतरी बसल्यात."

जीभ चावली. घाईत तंबू लावायचाच राहिला! दुरुस्त करायला म्हणून एक फोटो मोठा केला. घुमटात मी, नाकासकट. माझ्यामागे आत्या. खिडकीचा उजेड थेट तिच्या हातांवर. उजव्या हातात कानस. डाव्या हातात काही नाही.

आणखी मोठा केला. मग दुसरा फोटो, तिसरा. साखळी नाही, तार नाही, कडी नाही. कानस नुसत्या लाकडावर. काम टेकवायला बाकाच्या पुढे असतो तो लाकडी ठोकळा घासून घासून अर्धा झालाय.

खूप रडले.

२० मार्च

फोटो तिच्यापुढे धरला. तिने जवळ नेला, लांब नेला — दिसेचना तिला. शेवटी मीच सांगितलं त्यात काय आहे ते.

"दोन वर्षं झाली, बारीक काही दिसत नाही," ती म्हणाली. "पण नियमाचा दुसरा भाग तुला कधी सांगितलाच नव्हता गं. शिकणारा बसलेला आहे तोवर शिकवणाऱ्याने थांबायचं नाही. परवा सोडते म्हणालीस, जीव भांड्यात पडला माझा. आणि तू बया परत येऊन बसलीस! आता ऊठ की. खांदा मोडला माझा!"

दोघी उठलो. घर किती शांत आहे!