न उघडणारं दार

घणसोली, रविवार संध्याकाळ

आईला आज माझा गेम दाखवला, तीच चूक झाली. दादा साधू होऊन मठात गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी बनवतेय. त्यात एका साधूचा दिवस आहे. पहाटे घंटा, मग झाडलोट, मग गावात भिक्षा. गावात आमचं घरही काढलंय, निळ्या दारासकट.

आईने घंटा वाजवली नाही, झाडू मारला नाही. साधूला थेट निळ्या दाराशी नेलं आणि बटण दाबत बसली.

"हे का उघडत नाय?"

"मठाचा नियम आहे. स्वतःच्या घरी भिक्षा मागायची नाही."

"नियम त्याचा. दार तर आपलं हाय ना?"

मी भाजीच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आले. इथेच लिहितेय.

कसला नियम? मठात असं काही नाही. मागच्या वर्षी दादा झोळी घेऊन आला होता. आई बाजारात गेलेली. मी त्याला खिडकीतून बघितलं आणि कडी काढली नाही. राग होता, की तो आत येऊन पुन्हा निघून जाईल याची भीती? बराच वेळ उभा होता तो. आईला हे माहीत नाही.

गेमच्या कोडमधली एक ओळ बदलली की निळं दार उघडेल. मग आई विचारेल, नियम कुठे गेला.

बाहेर ती अजून बटण दाबतेय.