बरोबरचं चिन्ह

१४ ऑक्टोबर

फोन काढून घेतला. खिडक्यांना बाहेरून कागद लावलेत. देशभरची प्रवेशपरीक्षा होईपर्यंत, म्हणजे पस्तीस दिवस, प्रश्न काढणाऱ्यांपैकी कुणी या हॉटेलातून हलायचं नाही. ही वहीसुद्धा शेवटी दारात घेतील. तरी लिहितेय.

घरी सांगितलं, जपानला प्रशिक्षण आहे. आईला गुन्सानच्या इस्पितळात तेच सांगून आले. ती म्हणाली, "जेवून जा." तिचीच पेज चमच्याने भरवत होते मी तेव्हा.

१९ ऑक्टोबर

माझ्या वाट्याला असमानता. मुलं असमानता सोडवून उकल काढतात. इथे उलटं – उकल आधी ठरवायची आणि तिला नेमकी बसेल अशी बहुपदी रचायची. मी ठरवली: २ ते ५, दोन्ही टोकं धरून. तेवढ्यातच बहुपदी शून्य किंवा शून्याहून कमी. चौथा घात, पहिला सहगुणक १, चारही मुळं वास्तव, आणि क्षच्या जागी ० घातला की ४०. अशी एकच बहुपदी निघते. क्ष ६ असताना तिची किंमत सांगा. ६४.

मा सर माझे प्रश्न तपासतात. सज्जन माणूस. बोलत नाहीत फारसे.

२६ ऑक्टोबर

बाद. कुठल्याशा शिकवणीच्या पुस्तकात याचा जुळा निघाला. माझा बाद झालेला हा सतरावा प्रश्न. आमचे प्रमुख थाक सर म्हणाले, बाई, तुम्ही थकलात.

थकलेय.

३० ऑक्टोबर

आई गेली. परवाच. मला आज सांगितलं.

तिच्याजवळ तीन तास मिळाले. बरोबर पोलीस बाई, साध्या कपड्यांत – मैत्रीण म्हणून. फोटोपुढे दोनदा वाकले. धाकटी येऱ्यान शोकाच्या काळ्या कपड्यांत उभी होती. म्हणाली, "जपानहून बरं विमान मिळालं, ताई."

कुठे होते ते कुणाला सांगणार नाही, अशी सही करून बसलेय. पोलीस बाई शेजारी रस्सा-भात जेवत होती.

निघताना येऱ्यान दारापर्यंत आली. "चार दिवस आईच्या तोंडी तुझंच नाव. मी सांगायचे, ताई कामात आहे. मग ती म्हणायची, असू दे, असू दे."

मातीला थांबता आलं नाही.

१ नोव्हेंबर

बाद झालेलाच प्रश्न पुन्हा काढला. मांडणी फिरवली. 'शून्य किंवा कमी' होतं, तिथे नुसतं 'शून्याहून कमी' केलं. टोकं गळली. पुस्तकाशी आता जुळत नाही. उत्तर तेच, ६४. मा सर बराच वेळ कागद धरून होते. मग सही केली. थाक सर म्हणाले, सुबक झालाय.

आई गेल्यावर जमलेली पहिली गोष्ट. लाज वाटते.

२ नोव्हेंबर

कागद छपाईला.

१२ नोव्हेंबर

धुतलेले मोजे जोडीने लावत होते. एकदम दिसलं – उणे दोन!

उणे दोनचं मूळ दोनदा घेतलं, तरी एक बहुपदी तयार होते. तीसुद्धा चाळीस देते. मात्र उणे दोनला ती शून्य होते. पहिल्या प्रश्नात शून्य चालत होतं, म्हणून उणे दोन उकलीत घुसायचा आणि ती बहुपदी बाद व्हायची. बरोबरचं चिन्ह मी काढलं. आता ती बाद होत नाही. उत्तरं दोन. ६४ आणि २५६.

थाक सरांकडे गेले. त्यांनी स्वतः दोनदा करून पाहिलं. पेन्सिल खाली ठेवली.

"गठ्ठे सील झाले, बाई. परीक्षेनंतर दोन्ही उत्तरांना गुण देऊ. प्रश्न कुणाचा, ते विचारतीलच."

माझं नाव सांगा म्हटलं.

नावाचं काय एवढं. ज्याला एकच उत्तर दिसेल ते पोर सुटलं. ज्याला दोन्ही दिसतील ते तिथेच घाम पुसत बसेल, आणि पुढचे प्रश्न राहतील. नेमकं हुशार पोर. त्याला गुण देऊन काय होणार?

१५ नोव्हेंबर

जेवण जात नाही. येऱ्यानला काय सांगू, हेही सुचत नाही.

१८ नोव्हेंबर

पोरं पेपरला बसली. न्याहारीला मा सर माझ्यासमोर येऊन बसले. वाडग्यातून मान वर केली नाही.

"उणे दोन मला त्याच दिवशी दिसला होता. तुम्ही नुकत्याच आईचा निरोप घेऊन आलेल्या. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. सकाळी कागद गेले होते."