तिसरा कटोरा

१४ डिसेंबर, रविवार

पोचले एकदाची. सांगली सोडून लखनौला म्हणजे जगाच्या टोकाला चाललीस, असं आई म्हणत होती. जगाच्या टोकाला छान ऊन आहे आणि गच्चीवर शेंगा खात बसायला खुर्चीसुद्धा आहे. उद्या बँकेच्या हज़रतगंज शाखेत हजर व्हायचं. राहायची सोय अलीगंजमधल्या हेमा निगम यांच्या दुमजली घरात. निगम आंटी तीन आठवडे लेकीकडे बंगळूरला निघाल्यात, तोवर त्यांचा कुत्रा आणि मांजर मी सांभाळायचं. कुत्रा बादल, करडा, अंगाने दांडगा आणि स्वभावाने गरीब. मांजर मलाई, पांढरीशुभ्र आणि महाशिष्ट. दोघंही कच्चं मांस खातात, शिजवलेलं अजिबात नाही. हे ऐकून मी, जन्मात अंडंही न फोडलेली जोशांची शर्मिष्ठा, "जी, बिल्कुल" म्हणून मोकळी झाले. आईला सांगितलंय की दूधभात घालते.

१५ डिसेंबर, सोमवार

फ्रीजर पुड्यांनी भरलाय: कोंबडीच्या माना, काळीज, हाडांसकट खिमा. पुडी आदल्या दिवशी फ्रीजमध्ये काढून ठेवायची, म्हणजे खाण्याच्या वेळेपर्यंत बर्फ सुटतो. नाकाला व्हिक्स आणि हातात मोजे घालून मी वाढायला बसले. बादल मान कडाकडा चावतो ते ऐकून मी तोंड फिरवलं, पण पठ्ठ्या जेवतो मात्र पंगतीत बसल्यासारखा.

फ्रीजवर आंटींची हिंदीतली चिठ्ठी आहे. बादलला तीनशे ग्रॅम, मलाईला ऐंशी, सकाळ-संध्याकाळ. शेवटची ओळ: तीसरा कटोरा सीढ़ी के पास खाली रखना, भूलना मत. एखादं भटकं मांजर येत असणार. किती घालायचं ते लिहायला बाई विसरल्या. मी मलाईएवढंच घातलं. स्वयंपाकघर आणि माझी खोली वरच्या मजल्यावर, म्हणून जिना उतरून तळाशी ठेवून आले.

२० डिसेंबर, शनिवार

तिसरं गिऱ्हाईक कधी दिसत नाही, पण कटोरा घासल्यासारखा लख्ख असतो. आज सकाळी खालून खोकल्याचा आवाज आला, घशात काहीतरी अडकल्यासारखा. वाकून पाहिलं तर कोणी नाही. थंडी कोणाला सोडत नाही म्हणायचं.

आंटींचा फोन आला. कटोरा खाली ठेवतेस ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, जी, रोज खालीच ठेवते. फार जबाबदार मुलगी आहेस म्हणाल्या. कौतुक कोणाला नको असतं?

२६ डिसेंबर, शुक्रवार

खालचं गिऱ्हाईक हावरं आहे. ऐंशी ग्रॅम पुरेनात. खाऊन झालं की कटोरा फरशीवर ढकलत राहतं, वाजवून वाजवून जीव नको करतं. आता तीनशे घालते तेव्हा कुठे शांत होतं. पुड्या भराभर संपताहेत. मलाई आठवडाभर जिना उतरलेली नाही. बादलला फिरायला न्यायचं तर उचलून उतरवावं लागतं, तेही तो डोळे मिटून घेतो.

२९ डिसेंबर, सोमवार

आज डबा खाताना अभिरामला हे सांगितलं. तो आमच्याच शाखेत आहे, मूळचा नागपूरकर पण जन्म इथला, मराठी कळतं आणि उत्तर हिंदीत देतो. चिठ्ठीतली ओळ ऐकून त्याला हसू आवरेना. म्हणाला, अरे यार, हिंदीत खाली म्हणजे रिकामं.

मला हे माहीत नव्हतं का? "सीट खाली है क्या" असं मीच रोज रिक्षात विचारते. चिठ्ठी मात्र मराठीत वाचली. कपाळ माझं.

संध्याकाळी आंटींना सहज विचारल्यासारखं विचारलं, तो कटोरा रिकामा का ठेवायचा. त्या म्हणाल्या, छुटकी नावाची त्यांची पहिली कुत्री होती. लाडाने तिला रश्श्यातलं शिजवलेलं हाड घातलं. शिजवलेल्या हाडाच्या सुया होतात. तशीच एक घशात अडकून छुटकी खोकत खोकत जिन्यापाशीच मेली. तेव्हापासून या घरात सगळं कच्चंच. दुःखात आंटी तिचा कटोरा भरत राहिल्या, आणि एक दिवस तो कोणीतरी चाटून ठेवला. ती सवय मोडायला वर्ष लागलं. आता ते येतं, रिकामा कटोरा बघतं आणि जातं. भरलेला कधी ठेवू नकोस बेटा, म्हणाल्या.

छे, मी कशाला ठेवीन, असं मी म्हणाले. जीभ जड झाली नाही की काही नाही. चौदा दिवस, दोन्ही वेळा मीच भरलाय.

३१ डिसेंबर, बुधवार

दोन दिवस कटोरा रिकामा. ते बघून जात नाही. दुपारी खोकला तिसऱ्या पायरीवर होता. संध्याकाळी सातव्या.

१ जानेवारी, गुरुवार

मलाई नाही. सकाळी अंघोळीला गेले तेव्हा ओट्यावर होती. सगळं घर शोधलं. शेवटी जिना उतरले.

कटोऱ्यात पांढरे केस होते. ओले.

मी ते कागदात गुंडाळून कुंडीत पुरले. मग हात धुतले आणि आंटींना नवीन वर्षाच्या शुभेच्छा पाठवल्या.

३ जानेवारी, शनिवार

पुन्हा भरायला लागले. दुसरं काय करू? नाही भरलं तर बादल आहे. त्याचाच वाटा काढून घालते आणि तो माझ्याकडे बघत राहतो. व्हिडिओ कॉलवर आंटींनी मलाईला दाखव म्हटलं. झोपलीय, उठवत नाही, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, सोने दो बच्ची को.

सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं, गिळलं.

५ जानेवारी, सोमवार

फ्रीजर संपला. बाजारातून किलोभर आणलं, सगळं एका वेळेला गेलं. रात्रीचा दहीभात ठेवून पाहिला. कटोरा भिंतीवर आपटला. आंटी उद्या येतायत. फक्त उद्यापर्यंत—

६ जानेवारी, मंगळवार

मंगळवार. इथे हा हनुमानाचा वार, आमच्या बाजूची मांसाची दुकानं बंद. तीन ठिकाणी जाऊन आले.

सकाळी नऊ

बादलला घेऊन माझ्या खोलीत. दाराला कडी. खोकला जिन्याच्या वळणावर आहे. मोजत होते, आता मोजत नाही.

दहा वाजून दहा

आंटींचा मेसेज. धुक्यातही विमान उतरलं, अमौसी विमानतळावरून निघाल्या. मी लिहिलं, "घरी येऊ नका." मग का ते लिहावं लागेल. मलाईचं लिहावं लागेल. पुसलं.

पुन्हा लिहिलं. पुसलं.

साडेदहा

दाराखालच्या फटीतून वास. कच्चा. श्वास घेतं, अडकतं, पुन्हा घेतं—

अकरा

फाटक वाजलं. आंटी. किल्ली लावतायत. मलाईला हाक मारतायत, गाणं म्हटल्यासारखी.

दाराबाहेरचा खोकला थांबला. वळला. एकेक पायरी उतरतोय.

मला बरं वाटलं. देवा, हे लिहायची लाज वाटते, पण आधी मला बरं वाटलं.

ओरडले तर त्या बाहेर पळतील. ओरडले तर ते परत इकडे—

बादलला भुंकायचंय. त्याला त्यांना सांगायचंय. मी एका हाताने त्याचं तोंड दाबून धरलंय, एका हाताने हे—

आंटी विचारतायत, कौन है वहाँ? आता "छुटकी?" म्हणतायत. किती मायेने—

बादल सुटायला बघतोय. मी जास्त जोरात—