संपातलं दूध

३१ मे २०१७, पिशोर

शपथ घेतली! पारावर सगळं गाव होतं. मधोमध थोरले दीर, नानासाहेब. उद्यापासून शेतकऱ्यांचा संप — भाजी नाही, दूध नाही, औरंगाबादला थेंब जाऊ द्यायचा नाही. "वच्छला, आळीतलं दूध तुझ्याच दारात जमतं. तू हो म्हण, बायका ऐकतील." मी हो म्हणाले. चारचौघांत त्यांनी कधी माझं नाव घेतलं नव्हतं — बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

ह्यांना फोन केला. हे औरंगाबादेत, चिकलठाण्याला दुधाच्या प्लँटवर. महिन्यातून दोनदा घरी. "दादा म्हणतो तसं कर," म्हणाले. अन् तुमच्या प्लँटचं काय? "बघू."

१ जून

फाट्यावर दूध ओतलं. डांबरावरनं पांढरं वाहत गेलं, कुत्री धावली. भागूबाई मावशींनी नातवापुरतं तांब्याभर मागं ठेवलं होतं. एकच म्हैस त्यांची, घरात कर्ता माणूस नाही. नानासाहेबांनी तांब्या हातातून घेतला अन् उपडा केला. "आज दया केली की संप मोडला!" मावशी माझ्याकडं बघत राहिल्या. मी खाली बघितलं.

२ जून

दिवसभर चुलीपुढं. ओतून उरलेल्या दुधाचा खवा आटवला. उन्हानं अन् जाळानं अंगाची लाही. ठेवायचा कुठं? लाईट नाही. बायका विचारतात, "किती दिस गं?" मला काय माहीत!

३ जून

टीव्हीवर म्हणे संप मिटला. मग म्हणे नाही मिटला! रात्रीतून मुंबईत काहीतरी बोलणी झाली. नानासाहेब म्हणाले, "आपण नाय मानत." मला पटलं. मावशींची समजूतही मीच काढली.

४ जून

आजही ओतलं.

५ जून

उजाडायच्या आत मावशी दारात. "तुझ्या दिराच्या मळ्यात दुधाची गाडी लागती." मी अंगावर गेले — तांब्याचा राग काढता व्हय! "चल की मंग. डोळ्यानं बघ."

गेले. गोठ्यापुढं टेम्पो. खाली कॅन, वर हिरवा चारा झाकलेला. नानासाहेब स्वतः उभे.

"भाऊजी, हे काय?"

दचकलेसुद्धा नाहीत. तेच जास्त लागलं. "बारा म्हशी हायेत माझ्या. लई दूध निघतं. ओतून परवडंल का?"

"आमचं परवडतं?"

"तुमचं ते शेर-दोन शेर! लोकांना दिसायला कायतरी सांडावं लागतं. अन् भाव चढलाय तो तुमच्यामुळंच." हसले!

परतताना मावशी माझ्या पुढं पुढं चालत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी ह्यांना फोन करून सगळं सांगितलं. तर म्हणाले, "तू तिकडं गेलीसच कशाला?"

असं का विचारलं?

६ जून

ओतलं नाही. दारोदार फिरून बायकांना सांगितलं. काहींनी तोंडावर दार लावलं. आळीतली दगडाबाई म्हणाली, "घरातलीच तू. तुला ठावं नव्हतं व्हय?" शेवटी बायका तयार झाल्या. उद्या सगळ्या किटल्या घेऊन माझ्या दारी येणार, तिथून नानासाहेबांकडं. जाब विचारायचा.

७ जून

भल्या सकाळी हे आले. हातात पेढ्यांचा पुडा! सुपरवायझर झाले. संपात बाकीचे प्लँट अडले, ह्यांचा थांबला नाही. "दादाच्या दुधाची जुळणी मीच केली. संप ठरला त्याच दिवशी. सांगितलं असतं तर तू ऐकली असतीस? घे, तोंड गोड कर."

बाहेर किटल्या वाजल्या.

"दार लाव," हे म्हणाले.

मी सताड उघडलं. ह्यांना म्हणाले, "सांगा. आता ह्या बायकांना सांगा."